रद्द थांबा

रविराजने दाराबाहेर चपला काढल्या आणि तो उंबऱ्यापाशीच उभा राहिला. आत कॉटवर इंदुताई बसल्या होत्या. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, खाली दोन उशा.

"ड्रायव्हरदादा व्हय? या की आत. पिंके, खुर्ची दे."

सून पिंकीने त्याच्याकडे न बघता खुर्ची सरकवली. तो कडेला टेकला. चऱ्होलीतल्या या घराकडे यायचं तो आठ दिवस टाळत होता. पण उद्या डेपोत त्याची चौकशी होती.

चाकणचा रस्ता रुंद करायला घेतला, तेव्हा कंपन्यांच्या फाट्यावरचा बसथांबा रद्द झाला. नवा थांबा दीड किलोमीटर पुढे गेला. मधे फूटपाथ नाही, नुसते कंटेनर. बायकांनी सह्या करून निवेदन दिलं. रस्ता लोकांना चालण्याजोगा करायचा आराखडा चालू आहे, त्यात विचार होईल, असं उत्तर आलं. तोवर रविराज फाट्यावर गाडी थांबवायचा. अर्धा मिनिट. नियमात बसत नव्हतं, पण रोज सकाळी सात-आठ जणी तिथे उतरायच्या. असे सात महिने गेले. मग एका मंगळवारी इंदुताईंनी पाय खाली टेकला आणि बस न् रस्त्याची कड यांच्या मधून एक दुचाकी भरधाव शिरली.

"फार दुखतंय का?" त्याने विचारलं.

"ठणकतंय. सळई घातलीया. डागदर म्हनतो, आता उभ्यानं काम व्हनार न्हाई."

इंदुताई कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. पाचशे माणसांच्या, उभ्यानेच.

पिंकीने चहा आणून ठेवला. रविराजने कप उचलला नाही. घरून निघताना त्याने वाक्य जुळवून आणलं होतं.

"ताई, उद्या माझी चौकशी आहे. मी ठेकेदाराकडचा माणूस. गाडी मी थांबवली असं कागदावर आलं, तर..."

"परवा आलं व्हतं डेपोचं मानूस. जबाब घिऊन गेलं."

"काय सांगितलंत?"

"गाडी ट्रॅफिकमधी हळू झाली, मागलं दार लागत न्हाई, म्या आपली उडी टाकली."

पिंकी म्हणाली, "भरपाई मिळाली असती. आता म्हणतात, चूक तुमचीच. शेजारचे वकील दोनदा समजावून गेले. पण आईंनी ऐकलं नाही."

रविराजला एकदम मोकळं वाटलं. आणि तसं वाटलं म्हणून त्याने मान खाली घातली.

"माझ्यासाठी एवढं कशाला केलंत ताई?"

"तुमच्यासाठी न्हाई वो." इंदुताईंनी पायाखालची उशी सारखी केली. "तुमाला काढलं तर दुसरा यील. त्यो कशाला थांबवतोय तिथं? आमच्या कँटीनातली अंजली पोटुशी हाय, पाचवा लागलाय. ती चालंल व्हय येवढं, त्या कंटेनरांतनं?"

रविराजने कप हातात घेतला.

"काल दोन पोरी आल्या व्हत्या सर्व्हेला," त्या पुढे म्हणाल्या. "रस्ता कसा पायजे म्हने. झाडं पायजेत का, बसायला बाकडी पायजेत का. म्या म्हनलं, बाई, आदी उतरायला जागा द्या. तर त्यांच्यात तसा रकानाच न्हवता. ‘इतर’मधी लिवलं."

रविराजने चहा एका घोटात संपवला. त्या मंगळवारी बसच्या दाराखालून आलेला ओरडा अजून त्याच्या कानातून जात नव्हता. थांबा नसेल तिथे पुन्हा गाडी उभी करायची नाही, हे त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. हे तो आज सांगणार होता. आता ते सांगता येईना.

"थांबवाल न्हवं?" इंदुताईंनी विचारलं.

त्याने मान हलवली.

"तोंडानं बोला दादा."

"व्हय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चौकशी वीस मिनिटांत आटोपली. प्रवाशाची चूक, असा शेरा पडला. साहेबांनी त्याला पुढे जपून चालवायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा गाडीवर आला. भोसरीत बायका नेहमीसारख्या चढल्या. अंजली त्याच्या मागच्याच बाकावर बसली आणि म्हणाली, "बरं झालं दादा, तुम्हीच आलात."

फाटा जवळ आला तशा त्या उठल्या. पिशव्या खांद्याला लावून दोन्ही दारांशी गेल्या. रविराजने समोर बघत गाडी उजव्या लेनमध्ये ठेवली. फाटा मागे पडला.

"दादा, फाटा गेला," अंजली म्हणाली.

"थांबा पुढे आहे."

"पण इंदुताई तर म्हणाल्या..."

त्याने वेग कमी केला नाही. गाडीत कोणी आवाज चढवला नाही. दीड किलोमीटरवर थांब्याच्या नव्या कोऱ्या खांबापाशी त्याने गाडी अगदी कडेला नेली, आरशात दोनदा मागे पाहिलं आणि मग दार उघडलं.

आठ जणी उतरल्या. पदर, ओढण्या नाकावर घेऊन एकीमागे एक, समोरून येणाऱ्या कंटेनरांकडे तोंड करून मागे फाट्याकडे चालू लागल्या. अंजली सगळ्यांत शेवटी होती.