वर्गाबाहेरचा बाक

पानसे सर कामचुकार आहेत, असं शाळेच्या चौकशी समितीचं ठाम मत होतं. पुरावा एवढाच, की जीवशास्त्राचे हे शिक्षक महिनाभर तास सुरू असताना वर्गाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. कामचुकार माणूस घरी राहतो, निदान चहाला तरी जातो. रोज वेळेवर येऊन दाराशी अडत नाही, एवढा तर्क समितीला झेपला नव्हता.

समितीत माजी विद्यार्थिनी म्हणून बसलेल्या डॉ. मृणाल गद्रेंना सहामाहीचे पेपर आठवत होते. त्याआधी सर सगळ्यांना मनगटावर बोटं ठेवायला लावत. "धडधडतंय? भिऊ नका रे, अ‍ॅड्रिनलिन तुमच्याच बाजूनं लढायला आलंय!" मृणालताई पुढे संप्रेरकांच्या डॉक्टर झाल्या, त्या त्याच धडधडीपायी.

"सर आजारी आहेत," त्या म्हणाल्या. "नैराश्यात शरीरातल्या संप्रेरकांचा तोलही ढळतो. त्यावर उपचार आहेत. नोकरीवरून काढणं हा उपचार नव्हे."

"मन खंबीर हवं, बाई," अध्यक्ष हसले.

"मग उद्यापासून इन्सुलिन बंद करा, अण्णासाहेब. साखर खंबीर मनानं उतरवा."

अध्यक्षांचं हसू मावळलं. ते सरांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

सर सावकाश उभे राहिले. "आरोप मान्य आहे. दारापर्यंत यायचो. आतून मुलांचा गलका ऐकू यायचा. तो मला आवडायचा, एवढं आठवायचं. आवडणं म्हणजे काय, ते आठवायचं नाही."