गायिनो

अन्सेल्मोने गायिनोच्या पायाला पातं बांधलं, दोरा करकचून आवळला आणि पाखरू बगलेत धरून तो रिंगणात उतरला. समोर त्याची बहीण ओबदुलिया आपला तांबडा कोंबडा घेऊन आधीच उभी होती.

मरताना बाप सांगून गेला होता, ज्याचं पाखरू शेवटी उभं राहील, त्याचं खुराड्यांचं आवार. अन्सेल्मोला तिथं टायरचं दुकान काढायचं होतं. ओबदुलियाचं घरच तिथं होतं.

“अजून वेळ गेलेली नाही, दुलिया. घरी घेऊन जा तुझा म्हातारा. याचा तर धड रस्साही व्हायचा नाही.”

“माझा म्हातारा का होईना, पण कोंबडा दिसतो. तू कुणाची कोंबडी चोरून आणलीस, दादा?”

कठड्यावरची माणसं खिदळली. अन्सेल्मोही हसला. त्याला हेच हवं होतं.

गायिनो म्हणजे कोंबडीच्या पिसांचा कोंबडा. बापाच्या आवारातूनच त्याने तो पिल्लू असताना शहरात नेला होता, आणि त्याचं मर्म पशुवैद्यकीच्या वर्गात शिकला होता. वृषणात कोलेस्टेरॉलपासून नराचं हार्मोन तयार होतं, ते चारचौघा कोंबड्यांसारखंच. पण गायिनोची कातडी त्यातल्या बऱ्याचशाचं मादीचं हार्मोन करून टाकते. म्हणून पिसं गोल, शेपूट आखूड. राग मात्र अस्सल नराचा. समोरचा कोंबडा फसतो. मादी समजून एक पंख खाली सोडतो, गोल फिरू लागतो. तेवढ्यात गायिनो त्याचा गळा चिरतो. आजवर एकही सुटला नव्हता.

“सोडा!” पंच ओरडला.

गायिनो जागेवरच थांबला, नेहमीसारखा, वाट बघत.

तांबड्याने पंख सोडला नाही. तो सरळ उडाला. पहिल्याच झेपेत पातं गायिनोच्या डोळ्याखाली घुसलं. गायिनो वळला, एकदा उसळला, तांबड्याची मांडी फाडली. तांबड्याच्या दुसऱ्या झेपेत गायिनोची छाती उघडी पडली. रक्ताची चिळकांडी अन्सेल्मोच्या सदऱ्यावर आली.

“ऊठ! मार त्याला, मार!”

गायिनो उठला नाही. तांबडा त्याच्या पाठीवर चढला आणि मान लोंबकळेपर्यंत टोचत राहिला. मग लंगडत खाली उतरून घोगरा आरवला.

अन्सेल्मो रेतीत गुडघ्यांवर बसला. “फसला कसा नाही? सगळे कोंबडे फसतात!”

ओबदुलियाने आपलं पाखरू उचललं. तोंडातल्या पाण्याची चूळ टाकून त्याची चोच धुतली.

“कोंबडे फसतात, दादा. ही कोंबडी आहे. हिच्या पोटातलं अंड्यांचं घर आजाराने सडलं, मग हिला तुरा फुटला, आरवायला लागली. तुझा गायिनो त्याआधीच्या हिच्या शेवटच्या अंड्यातला.”