आयांचा रविवार

चर्चमध्ये मुलं माळा घेऊन पाळकांसमोर रांगेत उभी राहिली, तशी सेइनी बाकावरून उठली.

"कुठं निघालीस ताई?" लोसानं तिचा हात धरला. "आता तर मुलं आयांना माळा घालणार."

"म्हणूनच." सेइनीनं हात सोडवून घेतला. "आपण दोघी शेजारी बसलो तर तुझी फिफिता कुणाकडे येईल, तूच सांग."

मान खाली घालून लोसा चर्चसाठी कमरेला गुंडाळलेल्या चटईची सुटलेली काडी आत खोचत राहिली.

बाकाच्या टोकाला म्हातारी वाइया बसली होती. तिनं गुडघे आवळून वाट दिली, पण तोंड काही आवरलं नाही. "आयांच्या रविवारी आईच पळाली! काय गं हे?"

"मी कुठली आई, वाइया आजी? मी मावशी."

"आपल्या बेटावर मावशीला आईच म्हणतात. तू कधीपासून परदेशी झालीस?"

सेइनी बाहेर पडली आणि चर्चच्या मागच्या भिंतीशी, फणसाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. इथून आतलं ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. तेच बरं होतं.

तिनं आपल्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं. किनाऱ्यावर फिफितानं वेचलेल्या शिंपल्यांना खिळ्यानं भोकं पाडून दिली होती, दोरा ओवून दिला होता, गाठ मारायला शिकवलं होतं. आणि रोज विचारलं होतं, "माळ कुणाला?"

"आईला."

"कुठल्या आईला?"

"ऑस्ट्रेलियाच्या आईला," फिफिता पाढा म्हटल्यासारखं म्हणायची.

पोर जेमतेम चालायला लागली तेव्हा तिला सेइनीकडं ठेवून लोसा तिकडं गेली होती. एका वृद्धाश्रमात परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायची. आता कुठं मुलीला नेण्याची परवानगी हातात पडली होती. बुधवारच्या विमानानं फिफिता तिच्याबरोबर जाणार होती, कायमची. नवं घर, नवी शाळा, नवी भाषा. तिथं तिच्या ओळखीचं एकच माणूस असणार. ती ओळख आजच पक्की व्हायला हवी होती.

आत हशा उठला. कुणीतरी आईच्या गळ्यात घातलेल्या खाऊच्या गोळ्यांच्या माळेतली गोळी तिथंच सोलून तोंडात टाकली असणार. दरवर्षी एक तरी पोरगं टाकायचंच. मग गीत सुरू झालं. म्हणजे माळा घालून झाल्या. सेइनीनं श्वास सोडला आणि भिंतीला पाठ टेकली.

भिंतीच्या कोपऱ्यावरून पांढरा झगा धावत आला. फिफिताच्या मुठीत माळ तशीच होती.

"तू इथं आहेस होय! मी सगळ्या बाकांखाली बघितलं."

"आणि लोसा आई?"

"ती बसलीये ना तिथं. ती कुठं हरवली होती?"

"माळ तिला घालायची होती ना, फिफी? आपलं काय ठरलं होतं?"

"ते तू ठरवलं होतंस. माळ मी केलीये. वाक ना."

सेइनी वाकली नाही. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून ती ताठ उभी राहिली. फिफितानं उडी मारली. माळ खांद्याला लागून घसरली. पुन्हा मारली, शिंपला कानाला लागला. "वाक ना गं आई!" सेइनी वर फणसाच्या पानांकडे बघत राहिली. खाली बघितलं असतं तर ती वाकलीच असती.

"वाक, ताई."

लोसा कोपऱ्यावर उभी होती. आतल्या सगळ्या आयांच्या गळ्यात माळा होत्या, हिचा गळा मोकळा होता.

"तूच समजाव हिला," सेइनी म्हणाली. "तुझी माळ आहे ती. मी आठवडाभर हिला तेच सांगत..."

"ठाऊक आहे. कालच तिनं मला म्हणून दाखवलं." लोसा हसली. "'ऑस्ट्रेलियाची आई.' छान पाठ झालंय."

"मी वाकणार नाही, लोसा. बुधवारी ती तुझ्याबरोबर जाणार आहे, माझ्याबरोबर नाही."

लोसा पुढं आली आणि मुलीसमोर उकिडवी बसली. हात पुढं केला नाही. ती आल्यापासून पोरीनं तिला अंगाला हात लावू दिला नव्हता. रात्री दोघींच्या मधे झोपवलं, तर झोपेतसुद्धा ती सेइनीकडेच घरंगळायची.

"मी उचलू तुला?" लोसानं विचारलं. "म्हणजे हात पोचेल."

फिफितानं आधी सेइनीच्या गळ्याकडे पाहिलं, मग लोसाच्या हातांकडे. बराच विचार केला. मग दोन्ही हात वर केले.

लोसानं तिला उचललं. फिफितानं माळ सेइनीच्या डोक्यावरून, अंबाड्यावरून जपून खाली सोडली. एक शिंपला केसांत अडकला, तो जीभ बाहेर काढून, एकेक केस बाजूला करत तिनं सोडवला. सेइनीनं डोळे मिटून घेतले होते.

"झालं," फिफिता म्हणाली. "आता मला खाली ठेव."

"हो, ठेवते," लोसा म्हणाली.

आतलं गीत संपलं, पाळकांचं प्रवचन सुरू झालं, तरी ती पोरीला कडेवर घेऊन तशीच उभी होती.