कारवानी पिल्लू

इंदुमतीबाईंनी पदराखालून कुत्र्याचं पिल्लू काढलं आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याजवळ ठेवलं. समोरच्या कपाटात केशवरावांनी हौसेने जमवलेले चिनी मातीचे कुत्रे उभे होते. कोणती जात कुठून आली, हे ते पाहुण्यांना रंगवून सांगत. खरा कुत्रा मात्र, घाण होते म्हणून, बाईंनी उभ्या संसारात घरात येऊ दिला नव्हता.

पिल्लू त्यांचा लुळा हात चाटू लागलं.

"कारवानी!" केशवरावांचे डोळे भरून आले. "व्यापारी तांड्यांबरोबर आली ही जात."

"बरे झालात की फिरवा याला," बाई म्हणाल्या.

"थोडं आधी आणायचं होतंस, इंदू."

बाईंनी पिल्लू उचललं आणि खिडकीतून त्यांना दिसेल अशा बेताने अंगणात फिरवू लागल्या.