दोन बोटांची खाच

"आता डांबर फासून भागायचं नाही," छपरावर उकिडवा बसलेला कारागीर म्हणाला. "डांबरावर डांबर, त्यावर पुन्हा डांबर. आतून सगळं सुटलंय. भिंत एकीकडे, छप्पर एकीकडे."

शिंपी खाली शिडी धरून उभा होता. मान वर करून ऐकायचंही त्याच्या जिवावर आलं होतं.

"मग काय करायचं?"

"भिंतीत दोन बोटं खाच पाडायची. पत्र्याची कड त्यात घुसवायची, वरून सिमेंट भरायचं. म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी सांध्यात न शिरता छपरावरून निघून जाईल."

"भिंत माझी नाही," शिंपी म्हणाला.

उतरतं छप्पर त्याचं. ते जिला टेकलं होतं ती दुमजली भिंत थोरल्या भावाची. वाटणीच्या दिवशी भावानं चारचौघांत बजावलं होतं, माझ्या भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. शिंप्यानं ठोकला नव्हता. तेव्हापासून दोघांत बोलणंही नव्हतं. दरवर्षी कुणाकडून तरी डांबर फासून घ्यायचं आणि दरवर्षी खाली बादली मांडायची. पण गेल्या आठवड्यात पाणी थेट शिवणयंत्रावर उतरलं आणि शिवून तयार असलेला एक कोट डागाळला. गिऱ्हाईक भांडलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणालं, "तुमच्याकडून असं व्हायला नको होतं."

"मी येऊ का बरोबर?" बायकोनं दारातून विचारलं.

"नको. त्याला वाटेल, फौज घेऊन आलाय."

दार वहिनीनं उघडलं. ती बाजूला झाली. "वर आहेत. गुडघ्यांमुळे खाली उतरवत नाही त्यांना."

जिना चढताना शिंपी मनात मुद्दे जुळवत होता. तो असं म्हणाला तर आपण असं म्हणायचं, अडून बसला तर तसं. वरच्या खोलीत भाऊ पलंगाच्या कडेला बसला होता. पलंग भिंत सोडून खोलीच्या मधोमध ओढलेला होता.

"दादा, तुझ्या भिंतीत खाच पाडायला लागणार आहे. पाणी येतंय."

भावानं मान वर केली. "तुझ्याकडेही येतंय?"

शिंप्यानं तेव्हा कुठे नीट पाहिलं. भिंत कमरेएवढी काळी पडली होती. रंग फुगून सुटला होता. खालच्या फरशीवर जुनी चादर घडी करून टाकली होती, तीही ओली होती.

"मला वाटलं, तूच पलीकडून काहीतरी करतोस," भाऊ म्हणाला. "मुद्दाम."

"मला वाटायचं, तू वरून पाणी सोडतोस."

हसण्याइतकं त्राण दोघांतही नव्हतं.

"पाड म्हणावं," भाऊ म्हणाला.

जुळवलेल्या मुद्द्यांपैकी एकही लागला नाही. त्यानं खिडकी उघडली. आपलं छप्पर त्यानं वरून कधी पाहिलंच नव्हतं. सांध्याच्या कडेनं ठिगळावर ठिगळ, त्यावर ठिगळ. असलं काम त्यानं कुणाच्या फाटक्या सदऱ्यावरही करून दिलं नसतं.

"घ्या करायला," तो कारागिराला म्हणाला.

छिन्नीचे ठोके सुरू झाले. प्रत्येक ठोक्यासरशी आतल्या भिंतीचे पोपडे गळू लागले. वहिनी केरसुणी घेऊन आली. भावानं तिला हातानंच थांबवलं आणि पलंगावर थोडा सरकला. शिंपी त्याच्या शेजारी बसला. ठोके पडत राहिले.

थोड्या वेळानं भाऊ शिंप्याच्या खांद्याचा आधार घेत उठला. दोन पावलं टाकून त्यानं भिंतीवर तळवा टेकवला.

"इथं ठोका हाताला लागतोय बघ," तो म्हणाला. "ये."

शिंप्यानं त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. भिंत आतून थरथरत होती आणि गार, ओलीकच्च होती.