हमिंग

गिटारचं मागचं झाकण त्याने पाचव्यांदा उघडलं. सहा स्क्रू वाटीत टाकले आणि कपाळाला हात लावून नुसताच बसून राहिला. जेवणाच्या टेबलावर गिटार पालथी पडली होती. तिच्या पोटातल्या वायरी त्याला आता स्वतःच्या हातावरच्या रेषांपेक्षा जास्त पाठ होत्या. तीन आठवडे नवरा-बायको ताट मांडीवर घेऊन जेवत होते.

आवाज जात नव्हता. बारीक, एकसुरी, डबीत भुंगा कोंडल्यासारखा. साउंडवाले त्याला हमिंग म्हणतात आणि या माणसाने तीस वर्षं तेच काम केलं होतं. कार्यक्रमांच्या हॉलमध्ये साउंडच्या बोर्डमागे बसायचं आणि कुठे काही गुणगुणलं की गायकाच्या आधी आपण पकडायचं. कान हीच त्याची भाकरी होती आणि कान हाच त्याचा तोरा.

दोन महिन्यांपूर्वी लोकांनी कुरकुर सुरू केली. आवाज फार चिरका लावतात म्हणे, कानात टोचतो. मॅनेजर त्याच्या निम्म्या वयाचा. त्याने चहा पिता पिता सांगितलं, "काका, राग मानू नका, पण एकदा कान दाखवून घ्या."

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि रागात माणूस जे करतो तेच त्याने केलं, नको ते बोलून बसला. "माझी लेक पुढच्या महिन्यात इथे वाजवणार आहे ना? तिची गिटार मी घरी बनवतो. सुटे भाग आणून. टिपूसभर हमिंग आलं तर त्याच दिवशी बोर्डवरून उठेन."

मग भाग येत गेले. बॉडी एकीकडून, नेक दुसरीकडून, तारांची थरथर पकडणारे पिकअप कुरिअरने. गॅलरीत बसून त्याने लाकूड घासलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा बसला तेव्हा बायकोने सगळे कपडे पुन्हा धुतले. लेक परगावी शिकत होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, दुकानातून तयार आणली असती ना." तो म्हणाला, दुकानातली कुणीही आणतं.

पहिल्या दिवशी अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला लावली आणि खोलीभर घुमलं. त्यात नवल नव्हतं. अर्थिंगची एक वायर जोडायची राहिली होती. ती त्याने दुसऱ्या दिवशी जोडली. आवाज बराच उतरला, पण तळाशी गाळ राहावा तसा थोडा राहिला. मग त्याने आतून तांब्याची पट्टी चिकटवली. पिकअप बदलले. वायर बदलली, अँपसुद्धा मित्राचा आणून पाहिला. तारांना हात लावला की हमिंग कमी व्हायला हवं, इथे काडीचा फरक पडत नव्हता. असलं चिवट हमिंग उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं.

दर वेळी तो बायकोला बोलावून विचारायचा. एकदा ती म्हणाली होती, "मला नाही बाई काही ऐकू येत." तेव्हा, तुला त्यातलं काय कळतं, असं म्हणून तो दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. तिची नोकरी, घर आणि वर हा रुसवा, कोणाकोणाची समजूत काढणार. त्यानंतर तिलाही आवाज येऊ लागला होता.

आज शुक्रवार. लेकीचा कार्यक्रम उद्यावर आला होता. दुपारच्या उजेडात त्याने शेवटचं सोल्डरिंग केलं. वाऱ्याने ते गार पडू नये म्हणून पंखा सकाळपासून बंदच होता. झाकण लावलं. सहाही तारा चढवता चढवता अर्धा तास गेला. त्याचे डोळे चुरचुरत होते, पाठ मोडून आली होती. जायलाच हवा आता, तो मनाशी म्हणाला. अँपला वायर जोडून त्याने बटण दाबलं, कान जवळ नेला आणि डोळे मिटले.

भुंगा होताच.

"अगं," त्याने हाक मारली. आवाजात रागही उरला नव्हता. "ये जरा. अजून येतोय ना?"

ती आतल्या खोलीतून आली. दारात थांबली, ऐकल्यासारखी मान कलती केली.

"येतोय," ती म्हणाली. "पण कालच्यापेक्षा कमी आहे हो. आणि लाइट आले की मला सांगा. अर्धा तास झाला जाऊन, तुमच्या उद्याच्या शर्टाची एक बाही राहिलीय इस्त्रीची."

त्याने डोळे उघडले. अँपवरचा लाल दिवा विझलेला होता. त्याने गिटारची वायर उपसली. मग अँपचा प्लगही भिंतीतून काढला आणि हातात धरून बसला. आवाज तेवढाच होता.

आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं. ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. त्याला भीती वाटत होती आणि ती त्याच्या तोंडावर सरळ दिसत होती.

"खरं सांग," तो म्हणाला. "तुला हा आवाज एकदा तरी ऐकू आला होता का?"

"आला होता ना. पहिल्या दिवशी." तिने त्याच्या हातातला प्लग काढून टेबलावर ठेवला. "दुसऱ्या दिवसापासून तुमची गिटार अगदी गप्प आहे हो."