चहालाही न उठणारा साहेब

आईनं हाक मारली की थोरला लेक नुसता 'हो, हो' म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. आज मात्र सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तो एका परक्याच्या हुकमावरून मोबाईलपुढे हात बांधून बसला होता. व्हिडिओ कॉल करून पडद्यावर आलेला करखात्याचा साहेब डोळे वटारून सांगत होता, "खोलीबाहेर पाऊल टाकलंत तर अटक करू." अटक टाळायची म्हणून लेक जन्माची सगळी शिल्लक त्याच्या खात्यावर धाडायला निघाला. बटण दाबणार, तेवढ्यात आईनं मोबाईल हिसकावला आणि बंदच करून टाकला.

"अगं आई, काय केलंस हे! तो खराच सरकारी साहेब होता," लेक रडकुंडीला आला. "सुट्टी असून त्यानं स्वतःहून फोन केला. तीन तास झाले, माणूस चहालासुद्धा उठला नाही!"

"ऊठ आधी, पायात चपला घाल आणि पोलिसांत तक्रार देऊन ये," आई म्हणाली. लेक तरीही घुटमळला, तेव्हा तिचा पारा चढला.

"अरे गाढवा, वीस वर्षं सरकारी कचेरीत नोकरी करतोस ना तू? मग असा साहेब खोटा असतो, हे तुला मी सांगायचं?"